अरबीतली 'शुह्ला': डोळ्यांचा हा रंग नेमका कोणता?

बोरू

जुन्या अरबी कवितेतली एक ओळ मराठीत आणायची आहे. उच्चार साधारण असा: 'वला ऐब फीहा गैर शुह्लति ऐनिहा, कझाक इताकुत्तैरि शुह्लुन उयूनुहा'. ढोबळ अर्थ: तिच्यात खोट काढायचीच तर एवढीच, की तिच्या डोळ्यांत 'शुह्ला' आहे, पण जातिवंत शिकारी पक्ष्यांचे डोळेही 'शुह्ल'च असतात. आपल्याकडे याला व्याजस्तुती म्हणतील. दोष दाखवल्यासारखं करून केलेलं कौतुक.

अडचण 'शुह्ला' या शब्दाची आहे. एक कोश 'काळ्यात निळसर झाक' म्हणतो, दुसरा 'काळ्यात लाल झाक', तिसरा 'पांढरा भाग गढूळ'. फारसी आणि उर्दूतली 'शहला' आणखी निराळी. मराठीत घारे म्हणावं, पिंगट म्हणावं की तांबूस? कोशांत एवढा फरक का पडतो, तेही कळलं तर हवंय. जाणकारांनी लिहावं.

शीनलाम

चांगला धागा. आधी व्याकरण सोडवून घेऊ, कारण निम्मा गोंधळ देवनागरीत लिहिताना होतो.

धातू शीन-हे-लाम. रंग आणि शारीरिक वैशिष्ट्य दाखवणारे शब्द अरबीत ठरावीक साच्यात बनतात. पुरुषासाठी 'अश्हल', स्त्रीसाठी किंवा डोळ्यासाठी 'शह्ला' (अरबीत डोळा स्त्रीलिंगी), अनेकवचन 'शुह्ल' आणि त्या गुणाचं नाव 'शुह्ला'. याच साच्यात अझ्रक, झर्का, झुर्क, झुर्का (आजच्या अरबीत निळ्यासाठीचे शब्द). कवितेत गुणनाम आणि अनेकवचन दोन्ही आलेत.

याच धातूखाली आणखी दोन शब्द आहेत आणि त्यांचा रंगाशी संबंध नाही. 'शह्ला' (शेवटी आखूड आ, लिखाणात गोल ता) म्हणजे वय झालेली, प्रौढ बाई. 'शह्लाऽ' (शेवटी लांब आ आणि हम्झा) म्हणजे गरज, मनातली निकड. 'अमक्याकडून माझी शह्लाऽ पुरी झाली' असा प्रयोग कोशात मिळतो. देवनागरीत तिन्ही 'शहला' होतात. कोणी 'शहलाचा मूळ अर्थ म्हातारी' असं सांगितलं तर समजावं की त्याने कोशाचा चुकीचा परिच्छेद वाचला आहे.

आता कोश. इब्न मंझूरचा 'लिसान अल-अरब' 1290 मध्ये पुरा झाला. त्याची मांडणी धातूच्या शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून शब्द 'शीन'मध्ये शोधला तर सापडत नाही; 'लाम'चं प्रकरण उघडून त्यात 'शीन'चा पोटविभाग बघायचा. तिथे या रंगाच्या व्याख्या एकापाठोपाठ येतात, मध्ये फक्त 'व कील', म्हणजे 'असंही म्हटलं आहे':

- बुबुळात झुर्केपेक्षा कमी, आणि तिच्यापेक्षा सुंदर
- डोळ्याच्या काळ्यात झुर्केची झाक
- डोळ्याचा काळा भाग लाल आणि काळा यांच्या मधला
- बुबुळात लाली मुरलेली, पण शुक्लेसारख्या रेघा नव्हेत (शुक्ला हा वेगळा शब्द, डोळ्याच्या पांढऱ्या भागातली लाली). बुबुळाचा काळेपणाच कमी, इतका की काळा लालीकडे झुकल्यासारखा वाटतो
- काळेपणा निर्भेळ नसणं
- डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ नसणं, गढूळ असणं

सहा व्याख्या दिसल्या म्हणून सहा साक्षीदार धरू नयेत. 'लिसान' हा पाच जुन्या ग्रंथांचा संकलित कोश आहे: अझहरीचा 'तहझीब', इब्न सीदाचा 'मुहकम', जौहरीचा 'सिहाह', त्यावरच्या इब्न बर्रीच्या टिपा आणि इब्न अल-असीरचा 'निहाया'. हे लोक एकमेकांचं वाचून लिहीत होते. पुढे झबीदीने 'ताज अल-अरूस' केला (जाता जाता, हा झबीदी 1732 मध्ये आपल्याकडच्या बिलग्रामला जन्मला आणि कैरोत वारला), त्यात 'लिसान'चंच बरंचसं पुन्हा आलं. एडवर्ड लेनचा इंग्रजी कोश मुख्यतः 'ताज'वर उभा आहे. लेन, ताज आणि लिसान असे तीन कोश उघडून 'तिघेही हेच म्हणतात' असा निष्कर्ष काढला तर प्रत्यक्षात एकच माणूस तीनदा बोललेला असतो.

म्हणून प्रत्येक व्याख्येपुढे तिचा मूळ मालक लिहायचा. 'काळ्यात झुर्का' हे जौहरीचं. 'काळ्यात लाली' जुना भाषापंडित अबू उबैदचं, तो 838 मध्ये वारला, म्हणजे जौहरीच्या दीडेकशे वर्षं आधीचा. 'पांढरा भाग गढूळ' हे अबू झैदकडून, तो त्याच्याही जरा आधीचा. हाच अबू झैद म्हणतो की अश्हल, अश्कल (शुक्ला असलेला) आणि अस्जर (डोळ्याच्या रंगाचाच आणखी एक शब्द) तिन्ही एकच. तेव्हा मतभेद नंतरच्या संकलकांनी निर्माण केला असं नाही. नवव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो होता.

पाणवठा

शीनलाम यांच्या यादीत एक शब्द पुनःपुन्हा येतो त्यावर थांबायला हवं: 'डोळ्याचा काळा'. अरबीत 'सवाद' म्हणजे डोळ्यातलं काळं आणि 'बयाद' म्हणजे पांढरं. हे 'काळं' म्हणजे आपली बाहुली नव्हे. पांढऱ्याच्या आत जे गोल दिसतं ते सगळंच, म्हणजे बुबुळ. 'हदका' हा शब्दही त्याच गोलासाठी. बाहुलीला वेगळा शब्द आहे, 'इन्सान अल-ऐन', डोळ्यातला माणूस. समोरच्याच्या बाहुलीत आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं त्यावरून अरबांना माणूस सुचला, आपल्याला बाहुली सुचली.

याचा परिणाम असा, की 'काळ्यात लाली' हे वाक्य मराठीत जसंच्या तसं घेतलं तर डोळे आल्यासारखं, आजारी चित्र उभं राहतं. अरबी वाचणाऱ्याला त्यात फक्त बुबुळाचा रंग दिसतो: काळा असायचा तो तांबूसपणाकडे गेलेला. म्हणजे सरळ मराठीत तपकिरी.

यादीतली चौथी व्याख्या म्हणूनच मला सगळ्यांत मोलाची वाटते. ती लिहिणाऱ्याने डोळा खरंच जवळून पाहिला आहे. तो दोन गोष्टी वेगळ्या करतो: रेघा असतील तर ती शुक्ला, आणि रेघा नसून काळेपणाच कमी असेल तर ती शुह्ला. रेघा म्हणजे पांढऱ्या भागावरच्या बारीक रक्तवाहिन्या, खालची पापणी जरा ओढली की सगळ्यांच्याच दिसतात. काळेपणा कमी म्हणजे बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे दोन पूर्ण निराळे पडदे, आणि त्याने ते अचूक वेगळे केलेत.

बोरू

शुक्ला आणि शुह्ला हे दोन वेगळे शब्द आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओळीत 'शुह्ला'च आहे ना मग? एका ठिकाणी 'शुक्ला' छापलेलं पाहिलं, तेव्हा छपाईची चूक समजून पुढे गेलो.

शीनलाम

चूक नाही, पाठभेद आहे. आणि या धाग्याचं मर्म तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'लिसान'मध्येच ही ओळ दोनदा येते. शीन-काफ-लामखाली 'शुक्लति ऐनिहा' आणि 'शुक्लुन उयूनुहा', तर शीन-हे-लामखाली 'शुह्लति' आणि 'शुह्लुन'. वृत्त तवील. त्यात 'शुक्लति' आणि 'शुह्लति' यांचं वजन हुबेहूब एक, गुरु-लघु-लघु. त्यामुळे वृत्ताच्या कसोटीवर कुठलाच पाठ बाद होत नाही.

अबू उबैद सांगतो की शुक्ला म्हणजे पांढऱ्या भागातली लाली, आणि तीच काळ्यात असली तर शुह्ला. पुरावा म्हणून तो हीच ओळ देतो, 'शुक्ला' पाठ घेऊन. त्यावर 'लिसान'मध्ये एक आक्षेप नोंदला आहे, तो मला फार आवडतो: 'इताकुत्तैर' म्हणजे ससाणे आणि बाज, त्यांच्या डोळ्यांचं वर्णन कोणी लाल म्हणून करत नाही, झुर्का आणि शुह्ला म्हणून करतात. म्हणून 'शुह्ला' हा पाठ.

थोडक्यात, ओळीचा अर्थ शब्दावर ठरतो, शब्दाचा अर्थ ओळीवर ठरवला जातो, आणि ही गाठ सोडवायला कोशकार शेवटी पक्ष्याच्या डोळ्याकडे बोट दाखवतो. चक्राकार युक्तिवादाला बाहेरचा पुरावा हवा असतो. तो इथे आहे.

शुक्लेबद्दलचं दुसरं प्रसिद्ध प्रकरणही सांगतो. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात) जाबिर इब्न समुरा यांच्याकडून प्रेषित मुहम्मदांच्या चेहऱ्याचं वर्णन आहे, त्यात 'अश्कल अल-ऐन' येतं. ते ऐकणाऱ्या शुअबाने ते सांगणाऱ्या सिमाक इब्न हर्बला अर्थ विचारला. सिमाक म्हणाला, डोळ्याची चीर लांब असलेला. म्हणजे रंगाचा शब्दच त्याने आकाराचा करून टाकला. बाराव्या शतकात काझी इयाद यांनी स्पष्ट लिहिलं की ही सिमाकची चूक आहे, आणि शुक्ला म्हणजे पांढऱ्या भागातली लाली यावर विद्वानांचं एकमत आहे. सिमाक 741 च्या सुमारास वारला. ही भाषा घरात बोलणारा, आठव्या शतकातला माणूस जिथे चुकू शकतो, तिथे आपण कोशातली पहिली ओळ वाचून निर्धास्त होऊ नये.

रानवाटा

पक्ष्यांचा पुरावा तपासून बघण्यासारखा आहे. दुर्बिणीतून दिसतं ते असं.

ससाणे आणि बाज या दोन गटांचे डोळे अगदी निराळे. ससाण्यांचे, म्हणजे आपल्याकडचा बहिरी ससाणा किंवा अरब पाळतात तो साकेर ससाणा, डोळे गडद तपकिरी. चार हातांवरून काळेच वाटतात. ऊन थेट आत शिरलं तरच तपकिरी रंग उमटतो. बाज गटाचे डोळे फिके आणि चमकदार. उत्तरेकडचा मोठा बाज, ज्याला पक्षीनिरीक्षक गोशॉक म्हणतात, त्याच्या पिल्लाचे डोळे फिकट पिवळसर असतात, मग वयाबरोबर गडद पिवळे, नारिंगी, म्हाताऱ्या पक्ष्यात लालसुद्धा. महाराष्ट्रात सगळीकडे दिसणारा शिक्रा याच गटातला. शिक्र्याच्या नराचे डोळे लाल, मादीचे पिवळे ते नारिंगी.

तेव्हा 'शिकारी पक्ष्यांना कोणी लाल डोळ्यांचे म्हणत नाही' हे अरबी वर्णनपद्धतीबद्दल खरं असेल, पण पक्ष्यांबद्दल ते अर्धंच खरं आहे. ओळीतल्या उपमेत बाजाचा डोळा धरला तर पिवळा-नारिंगी मिळतो आणि ससाण्याचा धरला तर उन्हात उजळणारा तपकिरी. निळा यापैकी कोणाचाच नाही. मग 'झुर्का' हा शब्द बाजाला कसा लावत होते, हे भाषेच्या जाणकारांनी सांगावं.

शीनलाम

रानवाटा, तुमच्या प्रश्नातच किल्ली आहे. झुर्का म्हणजे निळा, हे आजच्या अरबीचं सत्य. जुन्या अरबीत 'अझ्रक' हा आधी चमकेचा शब्द आहे, मग रंगाचा.

इस्लामपूर्व कवी झुहैरच्या मुअल्लकेत (प्रसिद्ध दीर्घ कवितेत) प्रवासी स्त्रिया पाणवठ्यावर पोचतात तेव्हा काठोकाठ साचलेलं पाणी 'झुर्क' आहे: नितळ, कोणी ढवळलेलं नाही असं. दुसरा जुना कवी इम्रुल-कैस आपल्या धार लावलेल्या बाणांना 'झुर्क' म्हणतो आणि त्यांची तुलना राक्षसांच्या सुळ्यांशी करतो. पाजळलेलं लोखंड, नितळ पाणी, बाजाचा डोळा: तिन्हींत समान काय, तर फिकटपणा आणि आतून आल्यासारखी लकाकी. 'झुर्रक' नावाचा एक शिकारी पक्षीच कोशात आहे, आकाराने बाज आणि बाशिक यांच्या मधला. बाशिक म्हणजे शिक्र्याच्या जातकुळीतला छोटा पक्षी.

म्हणजे 'काळ्यात झुर्केची झाक' याचा अर्थ 'काळ्यात निळी झाक' असा एकदम घेता येत नाही. 'काळा, पण फिक्या लकाकीचा' असाही तो घेता येतो. आणि मग जौहरी व अबू उबैद यांच्यातलं भांडण बरंच मिटतं.

कुराणाच्या 20व्या सूरेच्या 102व्या आयतीतही हाच शब्द अडतो. अपराध्यांना त्या दिवशी 'झुर्क' असे गोळा केलं जाईल. भाष्यकारांनी निळ्या डोळ्यांचे, आंधळे, तहानेने डोळे पांढरे पडलेले, असे निरनिराळे अर्थ दिलेत. 'आंधळे' हा अर्थ कुठून आला, तर 17व्या सूरेत 97व्या आयतीत त्याच प्रसंगी 'आंधळे' असा सरळ शब्द आहे, शिवाय सारा (पातळ पडदा) आलेला डोळा फिका निळसर-राखाडी दिसतोच.

निशिगंध

वैद्यकाची बाजू जोडते. हुनैन इब्न इसहाक (809 ते 873) ग्रीक वैद्यक अरबीत आणत होता तेव्हा त्याला डोळ्यांच्या रंगांची बंदिस्त यादी हवी होती. त्याच्या वैद्यकावरच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात ती चार नावांची आहे: कह्ला, झर्का, शह्ला आणि शअला. हेच पुस्तक लॅटिनमध्ये 'इसागोगे' नावाने गेलं आणि युरोपात शतकानुशतकं वैद्यकाचं पहिलं पाठ्यपुस्तक राहिलं. तिथे चार रंग आहेत नायगर, सबअल्बिडस, व्हेरियस, ग्लॉकस: काळा, पांढुरका, मिश्र आणि ग्लॉकस. हा ग्लॉकस ग्रीकमधला झुर्काच, चमक आणि फिकट निळसर-राखाडी यांच्यामध्ये झुलणारा. ग्लॉकोमा हा शब्द त्यातूनच आला. आजच्या अरबीत काचबिंदूला 'निळं पाणी' म्हणतात आणि मोतीबिंदूला 'पांढरं पाणी'.

वैद्यांचं वैशिष्ट्य असं की ते रंगाचं कारण सांगतात, आणि त्यामुळे व्याख्या घट्ट होते. इब्न सीनाच्या 'कानून' या वैद्यकग्रंथाच्या तिसऱ्या भागात डोळ्यांच्या प्रकरणात झुर्केवर स्वतंत्र मजकूर आहे. आतला स्फटिकासारखा द्रव भरपूर आणि पुढे आलेला, किंवा बुबुळाचा थर फिका, तर झुर्का. उलट कारणं असतील तर काळेपणा. दोन्हींची कारणं एकत्र आली तर मधली अवस्था, तीच शुह्ला. ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसला शुह्ला डोळ्यातल्या अग्नीमुळे येते असं वाटत होतं. इब्न सीना ते खोडतो. शुह्ला अग्नीची असेल तर झर्का डोळ्यात अग्नी नसणार, आणि अग्नी हेच पाहण्याचं साधन असेल तर झर्का डोळे अधू ठरायला हवेत, असा त्याचा मुद्दा.

लहान मुलांचे डोळे झुर्क किंवा शुह्ल असतात आणि नंतर गडद होतात, हेही तिथे आहे. त्याचं कारण तो कोवळ्या वनस्पतीच्या उपमेने सांगतो: अंकुर आधी पांढुरका, पिकत गेला की हिरवा. आजचं उत्तर मेलॅनिन हळूहळू साठतं असं आहे, पण निरीक्षण पक्कं आहे.

म्हणून मजकूर वैद्यकाचा असेल तर शुह्ला म्हणजे काळ्या आणि फिक्याच्या मधला डोळा, यात फारसा वाद नाही. वाद कवितेत आणि हदीसमध्ये आहे.

एक खाचखळगा: वैद्यांची 'कह्ला' म्हणजे काळ्या बुबुळाची. भाषाकोशातला 'कहल' म्हणजे पापण्यांच्या मुळाशी काजळ घातल्यासारखा जन्मजात काळेपणा. एकाच शब्दाने डोळ्याचे दोन वेगळे भाग.

पाणवठा

निशिगंध यांच्या 'मधली अवस्था'ला धरून, डोळ्यात प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. त्यावरून लाल आणि निळा असे दोन्ही साक्षीदार खरे कसे, ते कळेल.

बुबुळात निळं रंगद्रव्य नसतंच. तपकिरी मेलॅनिन, एवढंच. पुढच्या थरात ते भरपूर असेल तर डोळा काळा-तपकिरी. अगदी कमी असेल तर आत शिरलेला उजेड विखुरतो, आखूड तरंगलांबीचा भाग जास्त परत येतो आणि डोळा निळा दिसतो. मध्यम असेल तर दोन्ही एकदम: बाहुलीभोवती तांबूस-तपकिरी कडं आणि बाहेरच्या कडेला हिरवट किंवा राखाडी पट्टा.

असा डोळा बघायचा असेल तर खिडकीशी, ऊन थेट डोळ्यांत नको, बाजूने येणारा उजेड हवा. फोटो काढायचा तर फ्लॅश बंद. फ्लॅशने बुबुळावर पांढरा ठिपका पडतो आणि भोवतालचा रंग धुऊन जातो. बाजूने उजेड आला की बुबुळातले तंतू बाहुलीपासून कडेकडे गेलेले सुटे दिसतात, त्यांच्यावर मधासारखा रंग चढतो. आता त्याच माणसाला दोन पावलं आत घ्या. बाहुली मोठी होते, आतलं तांबूस कडं आकसून अरुंद दिसायला लागतं, बाहेरचा राखाडी-हिरवा पट्टा नजरेत भरतो. उन्हात 'काळ्यात लाली', सावलीत 'काळ्यात झुर्का'. माणूस तोच, डोळा तोच.

अबू उबैदने हा प्रयोग केला होता असा माझा दावा नाही. पण परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन व्याख्या एकाच डोळ्याला लागू पडतात, एवढं ठामपणे म्हणता येतं. पांढऱ्या भागाची व्याख्या मात्र यात बसत नाही. ती शुक्लेशी झालेली सरमिसळ वाटते, आणि अबू झैद स्वतःच तिन्ही शब्द एक मानत होता, त्यामुळे ती त्याच्याकडून येणं स्वाभाविक आहे.

दौत

फारसी-तुर्कीचा प्रवास राहिला आहे, थोडक्यात लिहितो.

फारसीत 'शह्ला'चा रंग हळूहळू पुसट झाला आणि सौंदर्य उरलं. कोशकार अर्थ देतात 'मीश-चश्म', मेंढीसारख्या डोळ्यांची. आजच्या इराणमध्येही फिकट तपकिरी डोळ्यांना 'मीशी' म्हणतात, म्हणजे मूळ रंग पूर्ण हरवलेला नाही. कवितेत मात्र 'चश्म-ए-शह्ला' म्हणजे धुंद, मोहक डोळे, पुढे रंग विचारायचा नाही. डोळ्याची उपमा नर्गिसच्या फुलाला, म्हणून 'नर्गिस-ए-शह्ला', आणि कोशांत तिचं वर्णन मध्यभागी पिवळ्याऐवजी काळसर असलेली नर्गिस असं येतं. उर्दूत आणि त्यातून आपल्याकडे आलेलं 'शहला' हे मुलीचं नाव याच वाटेचं.

तुर्कीत शब्द आणखी पुढे गेला. तिथे 'शेहला' म्हणजे किंचित तिरळा, आणि तोही गोड वाटेल इतपतच. रंगापासून सौंदर्य, सौंदर्यापासून नजरेची ढब, नजरेपासून तिरळेपणा.

बोरू यांनी अरबी ओळ उर्दू किंवा तुर्की कोश उघडून सोडवू नये, ते एवढ्यासाठी. माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश मराठी माणसाच्या हाताशी असतो आणि मराठीतल्या फारसी शब्दांसाठी त्याला तोड नाही, पण त्याचं काम फारसीचं. सहाव्या-सातव्या शतकातल्या अरबी वापरासाठी अरबी कोशच.

रानवाटा

मराठी पर्यायावर माझं मत. 'घारे' घेऊ नका.

मोह होणार, कारण ओळीत शिकारी पक्षी आहे आणि आपला शब्द घारीशी जोडला जातो. पण घारीचा डोळा गडद तपकिरी असतो, ब्राह्मणी घारीचाही. उपमा बाजाच्या पिवळ्या-नारिंगी डोळ्याची असेल तर घार आणून काहीच साधत नाही. शिवाय मराठीत 'घारे' ही मोठी पिशवी आहे: राखाडी, हिरवट, निळसर, मधाळ, काळेभोर नसलेलं काहीही तिच्यात मावतं. आणि 'गोरेघारे' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर अरबस्तानातल्या यमामाची वाळवंटी स्त्री येत नाही, कोकणस्थांचं घर येतं.

शीनलाम

सहमत. यमामाचं नाव निघालंच आहे तर: झर्का अल-यमामा ही दंतकथेतली स्त्री तीन दिवसांच्या वाटेवरचं सैन्य पाहू शकायची. शत्रूने झाडांच्या फांद्या पुढे धरून चाल केली, 'झाडं चालत येताहेत' म्हणाली तर तिच्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. तिच्या नावातल्या 'झर्का'ला निळ्या डोळ्यांची म्हणायचं की लखलखत्या, तीक्ष्ण नजरेची, हा पुन्हा तोच प्रश्न. कथेत ते डोळे गुण आहेत. इतर ठिकाणी झुर्का परक्याची, शत्रूची खूण. बोरूंच्या ओळीत शुह्लेला आधी 'ऐब' म्हटलं आहे, ते या पार्श्वभूमीवर वाचावं: काळेभोर डोळे हा मान्य आदर्श होता आणि फिकेपणा ही खोट.

आणि आदर्शाच्या शब्दावरही असाच मतभेद. 'हवर', ज्यावरून हूर, त्याची रूढ व्याख्या पांढरा अतिशय पांढरा आणि काळा अतिशय काळा. भाषापंडित अबू अम्र म्हणतो हवर म्हणजे हरणा-गाईंसारखा अख्खा डोळा काळा, म्हणून माणसात हवर नसतोच. आणि अस्मई, बसऱ्याचा नामवंत भाषापंडित, त्याचं वाक्य जौहरीने नोंदवून ठेवलंय: डोळ्यातला हवर म्हणजे काय, मला ठाऊक नाही.

बोरू

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. आतापर्यंतचं धरून ओळ अशी बसवली आहे:

'खोट तिच्यात एवढीच, की डोळे काळेभोर नाहीत, पिंगट आहेत;
पण जातिवंत बाजाचे डोळेही पिंगटच असतात.'

'पिंगट' यासाठी की त्यात तांबूस-पिवळा तपकिरी येतो आणि बाजाच्या डोळ्यालाही तो चालतो. 'काळेभोर नाहीत' हे मूळ ओळीत नाही, पण 'काळेपणाच कमी' ही व्याख्या आणि 'ऐब' दोन्ही त्याशिवाय मराठीत पोचत नाहीत. तळटीप द्यावी का?

शीनलाम

'पिंगट' उत्तम. 'काळेभोर नाहीत' ठेवा.

तळटीप द्याच, आणि तिच्यात तीन गोष्टी येऊ द्या: 'शुक्ला' हा पाठभेद, तो घेतला तर अर्थ 'डोळ्याच्या पांढऱ्यात लाल रेघा' असा होईल हे, आणि 'शुह्ला'ची जौहरीची व्याख्या. ओळ कोणाची ते लिहू नका. कोशांत ती कवीच्या नावाशिवाय येते.

निशिगंध

एक सुचवण. दुसऱ्या ओळीत 'बाज' एकवचनी केलात, मूळ 'इताकुत्तैर' अनेकवचनी आणि जातीचा उल्लेख न करणारं आहे. ससाणे आणि बाज दोन्ही त्यात येतात. 'जातिवंत शिकारी पाखरांचे' केलं तर रानवाटा यांनी सांगितलेले दोन्ही डोळे, उन्हात उजळणारा तपकिरी आणि नारिंगी, ओळीत राहतील.

बोरू

बदललं. 'पण जातिवंत शिकारी पाखरांचे डोळेही पिंगटच असतात.' वाचायलाही हेच बरं वाटतंय.